तीच खुर्ची, सोळा सामने: अमेरिकेतल्या कॉलेज महिला बास्केटबॉलच्या सीझन तिकिटाचा रिव्ह्यू

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचं सीझन तिकीट घेतलं की हातात नेमकं काय पडतं, ते आधी पाहू. घरच्या मैदानावरचे साधारण पंधरा-सोळा सामने. पहिला नोव्हेंबरच्या सुरुवातीला, शेवटचा मार्च उजाडता उजाडता. निम्मे सामने आपल्याच लीगमधल्या तोडीस तोड संघांशी. उरलेले बहुतेक डिसेंबर संपायच्या आत आणि लहान कॉलेजांशी, म्हणजे मध्यंतरालाच तीस गुणांचा फरक पडलेला. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, पंधरा मिनिटांचं मध्यंतर, सगळं धरून दोन तास. खुर्ची नंबरासकट तुमची आणि सीझनभर तीच. कागदी तिकीट आता मोठ्या ठिकाणी जवळपास राहिलेलंच नाही, सगळं फोनवर.

आमचं मत: घरात आठ ते चौदा वर्षांची मुलगी असेल आणि गाडीने तासाभरात चांगला संघ असेल, तर जरूर घ्यावं. मिडवेस्टात, कॅरोलायनात, टेनेसीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर हिवाळ्यातल्या रविवारच्या दुपारीसाठी याचा विचार करावाच. पण सगळीकडचं तिकीट सारखं नाही. काही विद्यापीठं दहा-पंधरा हजार माणसं वर्षानुवर्षं टिकवतात, आणि डिव्हिजन वन म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या साडेतीनशेहून अधिक संघांपैकी बहुतेकांच्या सामन्याला मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. हा फरक का पडतो हे कळलं, की तिकीट कुठलं घ्यावं तेही कळतं.

या तिकिटात खरं तर ओळख विकली जाते. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये उत्तम खेळाडू एका वर्षात एनबीएकडे, म्हणजे व्यावसायिक लीगकडे, निघून जातो. मुलींचं तसं नाही. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, उतरायला अमेरिकन खेळाडूला त्या वर्षी बावीस पूर्ण व्हावे लागतात किंवा पदवी तरी हातात लागते. त्यामुळे अठराव्या वर्षी बुजत मैदानात आलेली पोरगी बाविसाव्या वर्षी कॅप्टन होऊन बाहेर पडेपर्यंत तुम्ही तिला त्याच खुर्चीतून बघता. तिच्या आईवडिलांची खुर्ची कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं. फ्री थ्रोच्या आधी ती चेंडू किती वेळा आपटते ते शेजारची आजी तुमच्या मुलीला सांगते. ही ओळख ज्या विद्यापीठाने जपली, तिथे गर्दी टिकली. ज्यांनी फक्त मोठ्या सामन्यांची जाहिरात केली, त्यांच्याकडे मोठा सामना संपला की स्टँडही ओसरले.

आता प्रत्यक्ष ठिकाणं.

आयोवा विद्यापीठाचं, आयोवा सिटीतलं कार्व्हर-हॉकआय अरीना १९८३ साली सुरू झालं. टेकडीच्या उतारात खोदून बसवलेलं असल्याने बाहेरून ठेंगणं दिसतं. आत शिरलात की तुम्ही थेट सगळ्यात वरच्या गोल पॅसेजमध्ये येता आणि बारवेच्या तोंडाशी उभं राहून पाणी बघावं तसं कोर्ट खाली खोल दिसतं. सगळ्या रांगा या पॅसेजपासून खाली उतरत जातात. दृश्य सुंदर, कुठूनही खेळ अडत नाही. पण स्वच्छतागृह वर, खाण्याचे स्टॉल वर, बाहेर पडायची दारंही वर. सगळ्यात खालच्या रांगेचं तिकीट भारी म्हणून घ्याल आणि सोबत गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील, तर पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात त्यांची वर जाऊन परत यायची सोय नाही. वर पोहोचेपर्यंत पाच मिनिटं, रांगेत आठ, आणि तिसरा क्वार्टर सुरू. म्हाताऱ्या माणसांसोबत जायचं तर पॅसेजला लागून असलेल्या वरच्या रांगा घ्याव्यात, तेही पायवाटेच्या कडेची खुर्ची बघून. सामना संपल्यावर सगळी गर्दी एकाच वेळी वर चढते. अशा वेळी बसून राहावं, बँडचं शेवटचं वाजवणं ऐकावं आणि दहा-पंधरा मिनिटांनी निघावं. पार्किंगमधून त्याआधी गाडी तशीही हलत नाही.

याच अरीनात ३ फेब्रुवारी १९८५ ला आयोवा विरुद्ध ओहायो स्टेट या सामन्याला २२,१५७ माणसं आली. जागा साडेपंधरा हजारांच्या आसपास. लोक जिन्यांवर, पायऱ्यांवर, जिथे टेकायला मिळेल तिथे बसले. कोच व्हिव्हियन स्ट्रिंगर, आणि महिला क्रीडा विभागाच्या प्रमुख क्रिस्टिन ग्रँट. १९७३ ते २००० या काळात आयोवात मुलींच्या खेळांचा विभाग स्वतंत्र होता, त्याला स्वतःचं बजेट होतं आणि मुलींच्याच सामन्यांचा प्रचार करणारी माणसं होती. प्रेक्षक जमवण्याच्या कामात हा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. ज्या ऑफिसात एकच मार्केटिंगवाला फुटबॉल, पुरुष बास्केटबॉल आणि उरलेल्या वेळात मुलींचा संघ सांभाळतो, तिथे मुलींच्या वाट्याला फेसबुकवरची एक पोस्ट येते.

आयोवाची गर्दी त्याहूनही जुनी आहे. या राज्यात मुलींचं सहा-सहा जणींचं बास्केटबॉल १९९३ पर्यंत चाललं. तीन मुली फक्त आक्रमणाला, तीन फक्त बचावाला, मधली रेष ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच टप्पा द्यायचा. राज्याची अंतिम फेरी डे मॉइनच्या व्हेटरन्स ऑडिटोरियममध्ये व्हायची आणि गावंच्या गावं लोटायची. १९६८ चा युनियन-व्हिटन विरुद्ध एव्हर्ली हा अंतिम सामना जादा वेळेत ११३-१०७ असा संपला, त्याची आठवण जुनी माणसं आजही काढतात. म्हणजे आज स्टँडमध्ये बसलेली सत्तरीची आजी स्वतः गावच्या संघातून खेळलेली असू शकते. तिला मुलींचा खेळ बघायला या म्हणून समजावावं लागत नाही. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठांनी आयोवाची नक्कल करताना हे लक्षात घ्यावं: पन्नास वर्षांची ही मशागत त्यांच्याकडे नाही, त्यांना आज बी पेरायला लागणार आहे.

आयोवाची गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क वेस्ट डे मॉइनची, म्हणजे राज्याच्याच लेकीची गोष्ट. तिच्या शेवटच्या सीझनआधी, २०२३ च्या उन्हाळ्यातच, आयोवाची महिला संघाची सगळी सीझन तिकिटं इतिहासात पहिल्यांदा संपली. त्या वर्षी नियमित सीझनमधल्या घरच्या प्रत्येक सामन्याला १४,९९८ हा एकच आकडा. १५ ऑक्टोबर २०२३ ला फुटबॉलच्या किनिक स्टेडियममध्ये कोर्ट अंथरून डीपॉल संघाशी प्रदर्शनीय सामना ठेवला, त्याला ५५,६४६ माणसं. महिला बास्केटबॉलमधला हा विक्रम. त्याआधीचा विक्रम २००२ च्या अंतिम सामन्यातला, सॅन अँटोनियोतला, २९,६१९ चा. किनिकचा दिवस मनात राहण्यासारखाच होता आणि त्याचं उत्पन्न मुलांच्या हॉस्पिटलला गेलं. पण प्रेक्षकाच्या सोयीच्या दृष्टीने बघाल तर फुटबॉलच्या स्टँडमधून कोर्ट टपाल तिकिटाएवढं दिसतं आणि उघड्यावरचा वारा लांबच्या शॉटला साथ देत नाही. असा दिवस पाच वर्षांतून एकदा करावा. तो करताना त्या गर्दीतल्या प्रत्येक माणसाचा ईमेल आणि फोन नंबर आपल्याकडे राहील एवढं बघावं. फोनवरच्या तिकिटात इथे एक खोच आहे. वडील चार तिकिटं घेतात, विद्यापीठाकडे नाव एकट्या त्यांचंच उरतं. उरलेल्या तिघांना तिकीट ज्याच्या-त्याच्या फोनवर पाठवायला लावलं, तर चारही माणसं यादीत येतात.

क्लार्क गेल्यावर काय, हा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. २०२४ मध्ये आयोवाच्या मुख्य कोच लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या, त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं असलेल्या जॅन जेन्सन मुख्य कोच झाल्या, आणि पुढच्या सीझनची तिकिटंही संपली. आमच्या मते यात कोच घरातलीच असण्याचा वाटा मोठा आहे. खुर्ची सोडली की परत मिळणार नाही ही धास्तीही होतीच. धास्तीवर एक-दोन वर्षं निघतात. त्यापुढे संघाने ओळख टिकवावी लागते.

साउथ कॅरोलायनाच्या कोलंबिया शहरातलं कोलोनियल लाइफ अरीना १८,००० माणसांचं आहे. कोच डॉन स्टॅली २००८ मध्ये तिथे आल्या. पहिल्या सीझनला दहा विजय, अठरा पराभव. २०१४-१५ मध्ये हा संघ देशात सर्वाधिक सरासरी गर्दी खेचणारा झाला, बारा हजारांच्या वर, आणि पहिलं विजेतेपद आलं २०१७ मध्ये. हा क्रम नीट बघा: गर्दी आधी, कप नंतर. ‘जिंकायला लागलो की लोक येतील’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक क्रीडा संचालकाने कोलंबियाला जाऊन बघावं. एजा विल्सन त्याच २०१४ मध्ये संघात आली, कोलंबियाजवळच्या हॉपकिन्स गावची. आज तिचा पुतळा अरीनाबाहेर उभा आहे. पुढे २०२३-२४ च्या अपराजित सीझनमध्ये, ३८ विजय आणि शून्य पराभव, सरासरी सोळा हजारांच्या पुढे गेली.

तिथे नियमित येणाऱ्यांना ‘फॅम’ म्हणतात. सेवा म्हणून या तिकिटाला आम्ही सगळ्यात वर ठेवतो, आणि कारण अगदी साधं आहे. साउथ कॅरोलायनाच्या लीगमध्ये, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, मुलींचे सामने बहुतांश गुरुवारी आणि रविवारी असतात. वार ठरलेला असला की माणूस आठवड्याची आखणी त्याभोवती करतो. रविवारी दुपारी चर्च आटोपून लोक तसेच चांगल्या कपड्यांत अरीनात येतात. तुमच्या घरी शनिवारी मराठी शाळा असेल, तर रविवारच्या सामन्याने तिला धक्काही लागत नाही.

वेळापत्रक हे या तिकिटाचं सगळ्यात दुबळं अंग आहे. तिकीट विकतात एप्रिल-मेमध्ये, लीगमधले प्रतिस्पर्धी उन्हाळ्यात कळतात, तारखा सप्टेंबरच्या सुमारास, आणि कितीतरी सामन्यांची नेमकी वेळ टीव्हीवाले ठरवतात तेव्हाच कळते. सामना कधीकधी आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री आठला ढकलला जातो. आठला सुरू झालेला सामना दहाला संपतो. आयोवा सिटीतल्या सामन्याला सीडर रॅपिड्सहून आलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात घरी पोहोचेल, पण डेव्हनपोर्टहून नव्वद किलोमीटर आणि डे मॉइनहून जवळपास एकशे नव्वद किलोमीटर जानेवारीच्या बर्फात परत गाडी चालवायची म्हणजे मध्यरात्र. दुसऱ्या दिवशी मुलीची शाळा. अशी खुर्ची रिकामीच राहते, तिचे पैसे भरलेले असले तरी. शाळकरी मुलींना आणि निवृत्त माणसांना एकाच वेळी परवडणारी वेळ म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहा, किंवा रविवारी एक ते तीन. लीगने टीव्हीशी करार करताना घरच्या किमान दोन-तृतीयांश सामन्यांसाठी तरी या वेळा मागून घ्यायला हव्यात. २०२४ पासून यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन, वॉशिंग्टन हे पश्चिम किनाऱ्यावरचे संघ आयोवाच्या बिग टेन लीगमध्ये आल्याने सामने चुरशीचे झाले, पण शेजारच्या राज्यातून बस भरून येणारे पाहुणे प्रेक्षक कमी झाले आणि वेळांची ओढाताण वाढली.

टीव्हीवर दाखवलं तर लोक घरीच बसतील ही भीती मात्र सोडून द्यावी. कनेक्टिकटच्या सार्वजनिक वाहिनीने १९९४ पासून २०१२ पर्यंत यूकॉनच्या, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या, मुलींचे सामने दाखवले, तेही देणग्यांवर चालणाऱ्या वाहिनीवर, घराघरात. राज्यातल्या म्हाताऱ्या माणसांना खेळाडूंची नावं पाठ झाली आणि मग ती तिकीट काढून आली. यूकॉनच्या तिकिटाची अडचण दुसरी आहे. घरचे सामने स्टॉर्सचं गँपल पॅव्हेलियन आणि हार्टफर्डचं मोठं अरीना यांत वाटलेले असतात. तिकीट घेण्याआधी तुमच्या घरापासून दोन्ही ठिकाणांचं अंतर मोजा. एक शेतांमधलं विद्यापीठ, दुसरं शहराच्या मध्यात, पार्किंगचा खर्च आणि वेळ दोन्ही निराळे.

टेनेसी हे धडा घेण्याजोगं ठिकाण. पॅट समिट १९७४ ते २०१२ अशा ३८ सीझन तिथे कोच होत्या, १,०९८ विजय, आठ विजेतेपदं. सुरुवातीला संघाच्या गणवेशासाठी डोनट विकून पैसे उभे केले होते. पुढे ७ जानेवारी २००६ ला यूकॉनविरुद्ध २५,६५३ माणसं आली. त्यांच्यानंतर गर्दी ओसरली. अरीना आता एकवीस हजारांवर माणसांचं. आठ हजार माणसं म्हणजे कुठल्याही दुसऱ्या विद्यापीठात उत्सव, पण एवढ्या मोठ्या जागेत वरचे मजले ओसाड दिसतात, आवाज छताला जाऊन विरतो आणि आलेल्या माणसालाही आपण उगाच आलो असं वाटतं. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. वरचा मजला काळ्या पडद्यांनी बंद करायचा, सगळ्यांना खालच्या भागात एकत्र बसवायचं, विद्यार्थी आणि बँड टीव्ही कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला ठेवायचे आणि पडदा उघडायचा तो खालचा भाग विकला गेल्यावरच. चार हजार माणसं पाच हजारांच्या जिममध्ये असली की शेजाऱ्याशी बोलायला ओरडावं लागतं. पहिल्यांदा आलेली मुलगी त्या आवाजासाठी परत येते.

बँडवरून एक गोष्ट. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा, आणि त्याच्या १९७९ च्या अधिकृत स्पष्टीकरणात ‘प्रसिद्धी’ हा मुद्दा नाव घेऊन आहे. मुलांच्या सामन्याला पूर्ण बँड आणि चीअर पथक, आणि मुलींच्या सामन्याला स्पीकरवर गाणी, ही कंजुषी कायद्याच्या अंगानेही अडचणीची आहे आणि धंद्याच्या अंगानेही. तिकीट घेण्याआधी एखाद्या साध्या बुधवारच्या सामन्याला जाऊन बघा: बँड आहे का, पूर्ण आहे का, किती स्टॉल उघडे आहेत. वीसपैकी दोनच स्टॉल उघडे ठेवून मध्यंतरात तीन हजार माणसांना पॉपकॉर्नच्या रांगेत उभं करणारं विद्यापीठ मुलींच्या प्रेक्षकाला काय किंमत देतं, ते तिथेच कळतं. शाकाहारी माणसाला तसंही पॉपकॉर्न, नाचोज, प्रेटझल आणि चीज पिझ्झा एवढंच मिळतं. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा घरून जेवून निघावं. पिशवी पारदर्शक लागते, साधारण १२ बाय ६ बाय १२ इंचांची. मुलीची शाळेची सॅक दारातूनच गाडीत परत ठेवायला लागेल.

फुकट तिकिटांचा प्रकार सगळ्यात घातक, आणि तो सगळीकडे चालतो. स्टँड भरलेले दिसावेत म्हणून दुकानांत, बँकांत, शाळांत गठ्ठेच्या गठ्ठे वाटायचे. फुकट मिळालेलं तिकीट पाऊस पडला, मूल शिंकलं, तरी घरी राहतं. जाहीर होणारा आकडा बऱ्याचदा विकलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांचा असतो, दारावर स्कॅन झालेल्यांचा नसतो. त्यामुळे कागदावर चार हजार, खुर्च्यांत दीड हजार. आणि ज्याने पैसे भरून सोळा सामन्यांचं तिकीट घेतलंय त्याला शेजारचा माणूस फुकट आलेला दिसला, की पुढच्या वर्षी तो का भरेल? त्यापेक्षा किंमत कमी ठेवावी, पण किंमत असावी.

फुकट वाटण्यापेक्षा मुलींच्या संघांना बोलवावं. शाळेच्या किंवा क्लबच्या दहा मुलींना मध्यंतरात पाच मिनिटं त्याच कोर्टावर खेळू दिलं, की आईवडील, भावंडं, आजी मिळून तीस-चाळीस तिकिटं विकली जातात, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये आपल्या पोरीचा त्या मोठ्या कोर्टावरचा व्हिडिओ राहतो. यात तपशील सांभाळावे लागतात. मुली दुसऱ्या क्वार्टरची चार मिनिटं उरली असताना कोर्टावर यायच्या बोगद्याशी हजर हव्यात. एक माणूस फक्त त्यांच्यासाठी हवा. बास्केट खाली घेता येत नसेल तर नऊ वर्षांखालच्या मुलींना ड्रिबलिंगची शर्यत द्यावी, कारण पाच मिनिटांत एकही बास्केट झाली नाही तर त्या रडवेल्या होऊन परततात. आणि पुढच्या सामन्याच्या सवलतीचा कोड त्याच रात्री आईच्या फोनवर जायला हवा. आठवड्याने पाठवला तर तो कोणी उघडत नाही.

शाळांच्या सहलीचे सकाळचे सामने दिसायला भव्य असतात. सकाळी साडेदहा-अकराला खेळ, हजारो मुलं, कानठळ्या बसवणारा आवाज. घोळ बसमध्ये होतो. एका बसमधून पन्नास-साठ मुलं उतरतात. चाळीस बस एकाच दाराशी आल्या तर पहिला क्वार्टर संपला तरी मुलं जिन्यावरच असतात. खाण्याच्या स्टॉलवर मुलं सोडायचीच नाहीत, डबे आधी मोजून खुर्चीवर पोहोचवायचे. याच बस दुपारी शाळा सुटताना लागतात, म्हणून ड्रायव्हर साडेबारालाच हॉर्न देतो आणि चौथ्या क्वार्टरला, सामना रंगात असताना, स्टँड रिकामा होतो. सामना दहाला सुरू केला आणि बस तीन दारांवर वाटल्या, की दोन्ही अडचणी बऱ्याच मिटतात. तुमचं सीझन तिकीट असेल तर हा दिवस नोकरीमुळे बहुधा बुडेलच. विद्यापीठ त्याऐवजी दुसऱ्या सामन्याची दोन तिकिटं बदलून देतं का, ते आधी विचारून घ्या.

सही हा मुलींसाठी या तिकिटातला सगळ्यात मोठा ठेवा. बारा खेळाडू टेबलांमागे बसतात, समोर पोस्टर धरून रांग. तीनशे मुलं आणि प्रत्येकामागे दहा सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटं. दोन हजारांच्या गर्दीत हे जमतं, पंधरा हजारांत जमत नाही. म्हणून गर्दी वाढली की पहिला बळी सहीचाच जातो, आणि ज्या ओळखीवर गर्दी जमली ती तिथेच तुटू लागते. प्रत्येक सामन्याला चारच खेळाडू, शंभरच मुलं, टोकन सामन्याआधी दारावर, असं केलं तर सीझनभरात दीड हजार मुलांचा नंबर लागतो आणि खेळाडूंच्या पायांनाही विश्रांती मिळते. मोठ्या गर्दीसोबत सुरक्षेचाही प्रश्न येतो. २१ जानेवारी २०२४ ला कोलंबसमध्ये १८,६६० प्रेक्षकांसमोर ओहायो स्टेटने आयोवाला जादा वेळेत हरवलं, लोक कोर्टवर धावले आणि एक प्रेक्षक क्लार्कवर आदळली. कोर्टाला लागून खुर्च्या असतील तर सामना संपता संपता लहान मुलं मागे घ्यावीत.

ओळखीच्या या व्यवहाराला आता खरा सुरुंग लागतोय तो बदल्यांनी. २०२१ पासून खेळाडू एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलू शकतात. त्यांच्या हक्काच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कोचना तर हवं तेव्हा नोकरी बदलता येत होतीच. पण एप्रिलमध्ये तिकीट नूतनीकरणाचा ईमेल येतो त्या वेळी संघात कोण राहणार तेच ठरलेलं नसतं. पाठीवर नाव छापलेली जर्सी घेऊन दिलेली मुलगी मेमध्ये विचारते, ती गेली का? नूतनीकरणाची मुदत जूनपर्यंत नेणं आणि नव्या खेळाडूंची उन्हाळ्यातच गावाशी गाठ घालून देणं, लायब्ररीत, मुलींच्या शिबिरात, शेतकरी बाजारात, एवढं तरी विद्यापीठांच्या हातात आहे. माँटानाच्या मिझूलात रॉबिन सेल्व्हिग यांनी १९७८ ते २०१६ राज्यातल्याच छोट्या गावांतल्या मुली घेऊन संघ बांधले आणि त्या मुलींच्या मागे त्यांची गावं सामन्याला आली. तालुक्याच्या कबड्डीला आपल्या गावची पोरगी खेळत असली की ट्रॅक्टर भरून माणसं जातात, त्यातलाच प्रकार. संघात निदान तीन-चार मुली राज्यातल्या आहेत का, हे आम्ही तिकीट घेण्याआधी बघायला सांगू.

पैशाची गोष्टही बदलते आहे. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष संघ जिंकला की त्याच्या लीगला पैसे मिळतात. महिलांच्या विजयाला २०२५ च्या स्पर्धेपर्यंत एक डॉलरही मिळत नव्हता. आता मिळतो, पहिल्या वर्षी एकूण दीड कोटी डॉलर. ‘मार्च मॅडनेस’ हे नावसुद्धा मुलींच्या स्पर्धेला २०२२ मध्ये मिळालं. २०२४ चा महिलांचा अंतिम सामना १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. आता मुलींच्या सामन्याचे स्टॉल बंद ठेवायला विद्यापीठांकडे कारण उरलेलं नाही.

मागणी वाढली तशी किंमतही वाढेल. बऱ्याच ठिकाणी चांगल्या रांगांसाठी तिकिटाखेरीज क्रीडा निधीला देणगी द्यावी लागते, आणि जुन्या प्रेक्षकांना मागे सरकवून देणगीदारांना पुढे आणलं जातं. वीस वर्षं रिकाम्या स्टँडमध्ये येऊन बसलेल्या आजीला तिच्या खुर्चीवरून उठवणं हा अन्याय आहे आणि तो करू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. नवी देणगीची रांग काढायची तर जुन्या खुर्च्या धारकाच्या नावावर तो सोडेपर्यंत तशाच ठेवाव्यात.

घ्यायचं ठरलं तर असं करा. फेब्रुवारीत दोन सुटी तिकिटं घेऊन लीगमधला एक साधा सामना बघा, मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा नको. तिथेच तिकीट ऑफिसच्या माणसाला भेटून पुढच्या सीझनच्या प्रतीक्षा यादीत नाव आणि थोडी अनामत देऊन ठेवा. रांग निवडताना पाहुण्या संघाच्या बाकाच्या मागची जागा बहुधा स्वस्त पडते, पण घरच्या संघाच्या बाकावरचे सगळे चेहरे समोर दिसायला हवे असतील तर बाकांच्या समोरची बाजू घ्यावी. येणं जमणार नाही त्या सामन्याचं तिकीट विकत बसण्याऐवजी मुलीच्या मैत्रिणीच्या फोनवर पाठवा. आयोवा सिटीत असाल तर गाडी लांब ठेवून विद्यापीठाच्या कॅम्बसने या, ती सगळ्यांना मोफत आहे. फक्त परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते चढतानाच विचारून घ्या, आणि मुलीच्या खिशात हातमोजे आहेत का ते बघा.